ॲक्वेरियमचा हीटर बिघडून मासे मरू नयेत म्हणून काय करावं? कोणत्या कंपनीचा हीटर घ्यावा?

कंपनीचं आधी सोडा. महागातला हीटरही चालूच राहून अडकतो, स्वस्तातलाही अडकतो. तुमचा टँक किती लिटरचा आणि हीटर किती वॅटचा, हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. आमच्या घरी यावरून कित्येक वर्षं वाद चालू आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आमचा टँक तीन फुटी, पाणी शंभर लिटर. चार एंजल, डझनभर टेट्रा न् तळाला काच चाटणारा एक सकर मासा. शंभर वॅटचा हीटर होता, दोन हिवाळे काही तक्रार नव्हती. मग आला 2018 चा डिसेंबर. नागपूरकरांना 29 तारीख आठवत असेल, पारा 3.5 वर उतरला होता. त्या आठवड्यात हीटरचा लाल दिवा रात्रभर विझायचा नाही, तरी पाणी वीस-एकवीसच्या वर जाईना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एंजलच्या पंखांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके.

भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, वरच्या माळ्यावर राहतात. विजेच्या कामात जन्म गेला, त्यामुळे फ्यूजपासून मिक्सरपर्यंत घरात त्यांचाच शब्द चालतो. मला ऐकू जाईल अशा बेतानं यांना म्हणाले, "शंभर वॅटनं काय होते रे? तीनशेचा लाव. भरकन तापवते न् बंद होते. बिलही कमी येते." दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी काढून बर्डीच्या बाजारातून घेऊनही आले. ठिपके औषधानं गेले, पाणी 26 वर टेकलं. श्रेय अर्थातच तीनशे वॅटला.

संक्रांतीला आम्ही वर्ध्याला माझ्या माहेरी गेलो. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परत आलो, दार उघडलं तर हॉलभर वास. टँकच्या काचेवर वरच्या बाजूला आतून वाफ धरलेली, झाकणातून टपटप थेंब. काचेला चिकटवलेली तापमानाची पट्टी 34 पर्यंतच मोजते, ती काळीठिक्कर. मुलानं ताप मोजायचं थर्मामीटर आणून पाण्यात बुडवलं: 101.4. म्हणजे साडेअडतीस अंशांच्या वर. माणूस असता तर गोळी दिली असती. हॉलमधलं घड्याळ खोलीचं तापमान 18 दाखवत होतं. एंजल आडवे, डोळे पांढरे पडलेले. टेट्रा फिल्टरच्या तोंडाशी अडकलेले. एकटा सकर वर येऊन हवा गिळत होता. न् त्या सगळ्यात हीटरचा लाल दिवा आपला चालूच.

भासरे खाली आले, बघितलं आणि म्हणाले, "खाणं जास्त पडलं असंन. नाहीतर लाइट गेली असंन, पंप बंद पडला असंन." आता दोन दिवस घरात कुणी नव्हतं, तर खाणं टाकलं कुणी? आणि लाइट गेली की आमच्या मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकतं. ते बरोबर वेळ दाखवत होतं. पण मोठ्यांसमोर कोण बोलणार बाप्पा! इथं बोलते.

मुलानं तो हीटर प्लगमधून काढून, थंड करून, काच फोडून बघितला. आत दोन धातूंची एक पट्टी असते, तापली की वाकते आणि विजेचे पॉइंट सुटतात, थंड झाली की पुन्हा टेकतात. दर वेळी बारीक ठिणगी पडते. आमचे पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटलेले, नखानंही सुटेनात. मोठा हीटर "भरकन तापवते न् बंद होते" हेच त्याचं दुखणं आहे. भरकन बंद होतो म्हणून दिवसातून जास्त वेळा चालू-बंद होतो, तेवढ्या ठिणग्या जास्त. आणि बिलाचं म्हणाल तर टँकमधून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच भरून द्यायची असते, ती तीनशेनं द्या की शंभरनं. युनिट तेवढेच.

आता हिशेब बघा. शंभर लिटर पाण्याला तीनशे वॅट तासाला अडीच अंश चढवतो, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर. म्हणजे रात्री अडकला की सकाळपर्यंत खेळ खलास. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो, 26 अंशाला लिटरमागे आठेक मिलिग्रॅम, 38 ला पावणेसातही नाही, आणि माशाला मात्र तेव्हा जास्त लागतो. आमच्याकडे तीनशेनं खोलीपेक्षा वीस अंश चढवले. तिथं शंभरचा असता तर अडकूनही सात-आठच चढवले असते. पाणी 26 झालं असतं, आम्हाला कळलंही नसतं!

म्हणून लिटरमागे एक वॅट, आणि तोही दोन हीटरांत वाटून. आमच्याकडे आता पन्नास-पन्नासचे दोन आहेत. एक चिकटला तर मासे उकडत नाहीत, एक मेला तर गारठत नाहीत. शिवाय बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर लावा, हीटर 26 वर ठेवला तर तो 28 ला तोडेल असा. त्याचं प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, पाण्यात घट्ट बसवा. निसटून बाहेर आलं तर ते खोलीची थंडी मोजतं आणि कंट्रोलर हीटरची वीज तोडतच नाही. पाणी बदलताना हीटर वीस मिनिटं आधी बंद, ओघळ बोर्डात जाऊ नये म्हणून वायर बोर्डाच्या खाली लोंबती, लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), हे तुम्हाला माहीत असेलच.

3.5 च्या रात्री शंभर वॅट कमी पडला, हे मान्य. तेवढ्यापुरतं भासऱ्यांचं चुकलं नव्हतं. पण त्याला उपाय मोठा हीटर नाही, थर्माकोल आहे. मागच्या आणि बाजूच्या काचांना लावा, झाकणावर जुनी चादर टाका, एअर पंपाची नळी तेवढी मोकळी ठेवा. आणि हो, गोल्डफिश असतील तर हीटर लावूच नका. बाकीच्यांचाही मार्च लागला की काढून ठेवा, मग आपल्याकडे उलटी काळजी सुरू होते.

पाणी तापलेलं सापडलंच तर प्लग काढा, एअर पंप पूर्ण जोरात चालवा, झाकण उघडा. घाईनं माठातलं पाणी ओतू नका. आमचा सकर असाच हळूहळू निवत वाचला. आता वीतभर झालाय. पाहुणे आले की भासरे त्यांना टँकपाशी नेऊन सांगतात, "हा एकच मजबूत निघाला, बाकीचे नाजूकच होते." मी चहा ठेवायला आत जाते. तो चिकटलेल्या पॉइंटांचा हीटर अजून ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला आहे.