वाचकांचे प्रश्न : दार उघडलं, म्हणजे वीज गेली का?

उच्च दाबाच्या पॅनेलांच्या आणि पेट्यांच्या दार-इंटरलॉकबद्दल, म्हणजे दार उघडताच वीज तोडणाऱ्या व्यवस्थेबद्दल, आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ५ केव्हीचा टेस्ट सेट आहे. दाराच्या चौकटीला एक मायक्रोस्विच आहे. दार लागलं की त्याची पट्टी दाबली जाते आणि कॉन्टॅक्टर (कॉईलच्या चुंबकाने जुळणारा मोठा स्विच) ओढला जातो. परवा दार उघडल्यावरही एचटीचा (उच्च दाबाचा) दिवा जळतच राहिला. स्विच बदलला. आणखी काही करायला हवं का?

आधी एक सांगा, दोष स्विचचाच होता हे कशावरून ठरवलंत? दार उघडं असताना कॉईलवर व्होल्टेज येत होतं का, हे मोजायला हवं होतं. येत असेल तर दोष स्विचचा किंवा त्याच्या वायरिंगचा. कॉईलवर शून्य असूनही एचटी चालू असेल, तर कॉन्टॅक्टरचे पोल (वीज जोडणारे मुख्य कॉन्टॅक्ट) वेल्ड झालेत, म्हणजे वितळून चिकटलेत, आणि नव्या स्विचने काहीच साधलेलं नाही. काढलेला जुना स्विच मीटरवर तपासून बघा. तो ठीक निघाला तर सेट चालू करू नका, कॉन्टॅक्टर उघडून बघा.

आता स्विचबद्दल. तुमची रचनाच उलटी आहे. दार बंद असताना स्विच दाबलेला असतो आणि दार उघडल्यावर तो सुटतो तो स्वतःच्या आतल्या स्प्रिंगच्या जोरावर. ती स्प्रिंग तुटली, कॉन्टॅक्ट चिकटला, प्लंजरवर (दाबल्या जाणाऱ्या दांडीवर) रंगाचा थर बसला किंवा पट्टी वाकली, तर दार सताड उघडं असूनही सर्किट चालूच राहतं. शिवाय चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की हा इंटरलॉक संपला.

हवं ते असं : दार उघडण्याच्या हालचालीनेच कॉन्टॅक्ट ढकलून तुटला पाहिजे. बिजागरीच्या दांड्यावर कॅम (खाच आणि उंचवटा असलेली चकती) बसवायचा. दार बंद असताना प्लंजर कॅमच्या खाचेत मोकळा राहतो आणि एनसी (दाबल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्ट जोडलेला असतो. दार फिरलं की कॅमचा उंचवटा प्लंजर आत रेटतो आणि कॉन्टॅक्ट चिकटला असेल तरी ओढून तोडतो. असं काम करणाऱ्या स्विचवर वर्तुळात बाणाचं चिन्ह असतं आणि त्याच्या अटी आयईसी ६०९४७-५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिल्या आहेत. साधा मायक्रोस्विच सुलटा बसवला तरी ही खात्री मिळत नाही, कारण प्लंजर आणि कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये लवचिक पट्टी असते.

बिजागरीवरच्या कॅमची एक अडचण मात्र बघून घ्या. दार ८०० मिलिमीटर रुंद असेल आणि कॅम ५ अंशांवर काम करत असेल, तर स्विच तुटेपर्यंत दाराची मोकळी कड ७० मिलिमीटर बाहेर आलेली असते. एवढ्या फटीतून अख्खा हात आत जातो. रुंद दाराला म्हणूनच मोकळ्या कडेवर, जीभ आत घेणारा स्विच लावलेला बरा. त्याची जीभ उलट न फिरणाऱ्या स्क्रूंनी दारालाच पक्की करा. नाहीतर कोणीतरी ती काढून स्विचमध्येच खोचून ठेवतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे दोन्ही : एक स्विच सुलटा (दार उघडल्यावर दाबला जाणारा), एक उलटा (दार उघडल्यावर सुटणारा). त्यांचे दोन वेगळे चॅनेल सेफ्टी रिलेला (दोन्ही चॅनेल जुळतात का ते बघणाऱ्या रिलेला) जोडायचे आणि मेन्समध्ये दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये घालायचे. दोन्हींचे मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य पोल चिकटला असेल तर न जुळणारे सहायक कॉन्टॅक्ट) रीसेटच्या वाटेत ठेवायचे. मग एक कॉन्टॅक्टर वेल्ड झाला तरी दुसरा तोडतो, आणि पुढच्या वेळी रीसेटच होत नाही. दोष असा लगेच कळला पाहिजे. दार नुसतं लोटल्याने एचटी परत येता कामा नये, बटण दाबावंच लागलं पाहिजे.

वायरिंगमधल्या दोन चुका वारंवार दिसतात. २४ व्होल्टच्या कंट्रोलची एक बाजू अर्थ केलेली असते आणि दाराचा स्विच नेमका त्याच बाजूला, कॉईल आणि अर्थ यांच्यामध्ये घातलेला असतो. बिजागरीजवळ वायर दर वेळी वाकते, तिचं आवरण घासतं आणि तांबं पत्र्याला टेकतं. झालं, दाराचा स्विच बायपास! स्विच फ्यूजनंतर लगेच, अर्थ नसलेल्या बाजूला घाला. मग तीच वायर टेकली तर फ्यूज उडेल आणि कॉन्टॅक्टर सुटेल. दुसरी चूक कॉईल तुटताना उठणारं व्होल्टेज दाबायला तिच्यावर लावलेल्या डायोडची. नुसत्या डायोडमुळे कॉन्टॅक्टर सुटायला कित्येक पट उशीर होतो आणि पोल रेंगाळत उघडल्याने ठिणगी जास्त वेळ राहते. डायोडसोबत झेनर घाला किंवा व्हॅरिस्टर वापरा.

प्रश्न : १० मायक्रोफॅरड, ३००० व्होल्टचा डीसी सप्लाय बनवतो आहे. दाराचा इंटरलॉक मेन्स तोडतो. तेवढं पुरेसं आहे का? ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) किती घ्यावा?

पुरेसं नाही. इंटरलॉक मेन्स तोडतो, कपॅसिटर रिकामा करत नाही. तुमच्या कपॅसिटरमध्ये ४५ ज्यूल साठतात (अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग). ते जीवघेणे ठरू शकतात.

३००० वरून ६० व्होल्टपर्यंत उतरायला ३.९ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) लागतात. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं मानक, आयईसी ६०२०४-१, ५ सेकंदांत ६० व्होल्टच्या आत यायला सांगतं. हे एकट्या ब्लीडरने करायचं तर तो सुमारे १२८ किलोओमचा लागेल आणि सप्लाय चालू असेपर्यंत ७० वॅट उष्णता पेटीत सोडत राहील. म्हणून काम दोघांत वाटा : मंद ब्लीडर कायमचा, आणि दाराबरोबर पडणारा झटपट डिस्चार्ज वेगळा.

ब्लीडरसाठी ८२ किलोओमचे ८ रेझिस्टर सिरीजमध्ये, अशा दोन माळा घ्या. प्रत्येक माळ ६५६ किलोओमची, दोन्ही मिळून ३२८. ६० व्होल्टपर्यंत यायला १३ सेकंद. प्रत्येक रेझिस्टरवर ३७५ व्होल्ट आणि १.७ वॅट पडतात, तेव्हा ५ वॅटचे घ्या आणि त्यांची व्होल्टची मर्यादा ५०० किंवा जास्त आहे ना ते बघा. वॅट जुळले म्हणजे झालं असं समजून लोक एकच मोठा रेझिस्टर ३००० व्होल्टवर लावतात, आणि तो वॅटमध्ये आरामात असूनही आतून फुटतो. माळा दोन कशासाठी? सिरीजमधला एक रेझिस्टर ओपन झाला की पूर्ण माळ निकामी होते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दुसरी माळ शाबूत असेल तर २६ सेकंदांत का होईना, कपॅसिटर रिकामा होतो. दोन्ही माळा थेट कपॅसिटरच्या टर्मिनलवर, वेगवेगळ्या वायरींनी जोडा. सप्लायच्या बाजूला जोडल्या आणि मधली वायर निसटली तर दोन्ही एकदमच गेल्या.

झटपट डिस्चार्जसाठी वजनाने किंवा स्प्रिंगने पडणारी पट्टी घ्या. सोलेनॉइड तिला वर धरून ठेवतो आणि पुरवठा गेला की ती आपोआप पडते. उलट रचना, म्हणजे वीज मिळाल्यावर शॉर्ट करणारा रिले, इथे चालणार नाही, कारण वीज गेली की तोही गेला. पट्टी आणि कपॅसिटर यांच्यामध्ये १०० ओम ठेवा. मग सुरुवातीचा प्रवाह ३० अँपिअरपुरता राहतो आणि टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद होतो. मात्र ४५ ज्यूल क्षणात त्या रेझिस्टरमध्येच उतरतात. फिल्मचा छोटा रेझिस्टर तडकतो. भरीव सिरॅमिक-कार्बनचा, नाहीतर जाड तारेचा घ्या. मेन्स आधी तुटला पाहिजे आणि पट्टी नंतर पडली पाहिजे.

दाराला सोलेनॉइडचं कुलूप लावणार असाल तर वीज मिळाल्यावर उघडणारं घ्या, म्हणजे मेन्स गेल्यावर दार बंदच राहील. त्याचा टायमर ३० सेकंदांवर ठेवा. एक माळ गेली तरी २६ सेकंद पुरतात, हा हिशोब त्यात आहे. त्या टायमरला आणि सोलेनॉइडला मेन्स कॉन्टॅक्टरच्या आधीचा वेगळा कंट्रोल पुरवठा द्यायला विसरू नका.

प्रश्न : मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार उघडलं की फ्यूज उडतो. फ्यूज दोनदा बदलला. काय बिघडलं असेल?

बिघडलं आहे ते इंटरलॉकनेच दाखवून दिलं आहे. दाराच्या कुलपाशी बहुतेक ओव्हनमध्ये तीन स्विच असतात. दोन पुरवठा तोडतात. तिसरा, मॉनिटर स्विच, दार उघडल्यावर मुद्दाम ट्रान्सफॉर्मरच्या मेन्स बाजूला शॉर्ट करतो. पहिले स्विच नीट तुटले असतील तर या शॉर्टने काहीच होत नाही. मुख्य स्विच चिकटला असेल तर फ्यूज उडतो आणि दार उघडं ठेवून मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह निर्माण करणारी नळी) चालू राहणं अशक्य होतं.

प्लग काढा. दार उघडं ठेवून मुख्य स्विच मीटरवर तपासा, तो ओपन दिसला पाहिजे. सगळे स्विच ठीक निघाले तर कुलपाचा आकडा झिजला किंवा दार खाली बसलं असेल, त्यामुळे मॉनिटर आधी जुळतो आणि मुख्य नंतर तुटतो. मुख्य स्विच बदलाल तेव्हा मॉनिटरही बदला, कारण शॉर्टचा प्रवाह त्याच्याच कॉन्टॅक्टमधून गेलेला असतो. मोठा फ्यूज टाकू नका, आणि मॉनिटरची वायर कापणं तर कधीच नको.

आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टहून जास्त असतात. त्यात बहुधा १० मेगाओमचा रेझिस्टर असतो आणि मिनिटभरात तो रिकामा होतो, पण तो रेझिस्टर ओपन असू शकतो. उच्च दाबाचं काम केलेलं नसेल तर झाकण उघडू नका, जाणकाराकडे द्या.

प्रश्न : ११ केव्हीच्या पॅनेलमध्ये ब्रेकरची ट्रॉली बाहेर काढल्यावरही, अर्थ स्विच ऑन केल्याशिवाय केबल कप्प्याचं दार उघडत नाही. ब्रेकरच बाहेर आला असताना हा आग्रह कशाला?

कारण ट्रॉली काढल्याने केबल फक्त तुमच्या बसबारपासून (पॅनेलमधल्या मुख्य पुरवठ्याच्या पट्ट्यांपासून) सुटली. केबलचं दुसरं टोक कुठे आहे? तिथे दुसरा सबस्टेशन, जनरेटर किंवा कपॅसिटर बँक असेल तर तीच केबल तिकडून जिवंत आहे. दोन्ही टोकं सुटली तरी लांब केबल स्वतःच कपॅसिटर असते आणि तिच्यावर चार्ज राहतो. अर्थ स्विच हा चार्ज जमिनीत उतरवतो, आणि काम चालू असताना चुकून पलीकडून पुरवठा आला तरी तो जमिनीतच जातो.

अर्थ स्विच मारण्याआधी मात्र व्होल्टेज दाखवणारे दिवे बघा. एकही लागलेला असेल तर हँडलला हात लावू नका, आधी पलीकडचा ब्रेकर काढून घ्या. दिवे विझलेले आहेत यावरून केबल मेलेली समजू नका, दिवाच गेलेला असू शकतो. टेस्टर आधी माहीत असलेल्या जिवंत जागी तपासा, मग केबलवर लावा, आणि पुन्हा जिवंत जागी तपासा.

दोन टोकं एकमेकांना बांधायची तर अडकवलेल्या चावीची पद्धत उत्तम. पलीकडचा ब्रेकर उघडून कुलूपबंद झाल्यावरच चावी सुटते, आणि तीच चावी इकडच्या अर्थ स्विचला लागते. टेबलाच्या खणात जादा चावी ठेवलेली असेल तर या सगळ्याला काही अर्थ उरत नाही. मागच्या बाजूला पान्याने उघडणारी झाकणंही बघून घ्या. पुष्कळ पॅनेलांत त्यांना इंटरलॉक नसतो, आणि बोल्टला अर्थ स्विचची स्थिती कळत नाही.

प्रश्न : ट्यूनिंग करताना दार उघडं ठेवावंच लागतं. बायपास स्विच बसवला तर चालेल का?

दार का उघडावं लागतं ते आधी लिहून काढा. मोजमापासाठी असेल तर डिव्हायडर (व्होल्टेज ठराविक पटीने कमी करणारी माळ) आत बसवून कमी व्होल्टेजचं टोक बाहेर आणा. बघण्यासाठी असेल तर अर्थ केलेल्या जाळीमागे पारदर्शक खिडकी द्या. नॉब फिरवायचा असेल तर इन्सुलेटेड दांडा पॅनेलबाहेर काढा. इतकं केलं की बहुतेक वेळा दार उघडण्याचं कारणच उरत नाही.

तरीही गरज उरलीच तर चावीचा स्विच घ्या, चावी एकच ठेवा. चावी फिरवल्यावर एचटी कमी टप्प्यावर आला पाहिजे आणि हाताने धरून ठेवायचं बटण सोडताच तुटला पाहिजे. शेजारी दुसरा माणूस हवाच. चुंबकाने चालणारा साधा रीड स्विच असेल तर तो बदला, खिशातल्या कोणत्याही चुंबकाने तो फसतो.

प्रश्न : डिस्चार्ज रॉड (कपॅसिटर अर्थला जोडून रिकामा करायची दांडी) वापरण्याचा नेमका क्रम काय?

रॉडची वायर आधी अर्थला घट्ट जोडा. पहिल्यांदा रेझिस्टर असलेलं टोक टर्मिनलला लावा, काही सेकंद थांबा, मग थेट तांब्याचं टोक लावा. कपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर फक्त दोन टोकं शॉर्ट करून भागत नाही, मधल्या प्रत्येकावर चार्ज उरू शकतो. प्रत्येक कपॅसिटर वेगळा शॉर्ट करा. शॉर्ट काढल्यावर काही मिनिटांत कपॅसिटरवर पुन्हा व्होल्टेज चढतं, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरच्या आतल्या इन्सुलेशनमध्ये) मुरलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो. म्हणून काम संपेपर्यंत रॉड टर्मिनलवरच अडकवून ठेवा, आणि कपॅसिटर कपाटात ठेवायचा असेल तर टर्मिनलांना तार बांधूनच ठेवा.

रॉड टांगायच्या आकड्यामागे एक स्विच बसवून तो इंटरलॉकच्या साखळीत घाला. रॉड जागेवर परत आल्याशिवाय एचटी चालू होत नाही.