लॉगॅरिदम आला म्हणून कन्फॉर्मल सममिती मोडत नाही

टिळकवाडीतल्या बैठकीत अर्धवट राहिलेला आपला प्रश्न असा होता: एन बरोबर चार सुपरसिमेट्रिक यांग-मिल्स सिद्धांतात बीटा फंक्शन शून्य आहे, म्हणजे कप्लिंग (आंतरक्रियेची तीव्रता सांगणारी संख्या) अंतरागणिक बदलत नाही आणि कन्फॉर्मल सममिती, म्हणजे मोजमापाचे प्रमाण बदलले तरी नियम तेच राहणे, टिकते; तरीही कोनिशी ऑपरेटरच्या द्विबिंदू सहसंबंध फलनात (दोन बिंदूंवरचे ऑपरेटर एकमेकांशी किती जोडलेले आहेत ते सांगणारे फलन) पहिल्याच लूपला, म्हणजे कप्लिंगमधल्या पहिल्याच दुरुस्तीला, अंतराचा लॉगॅरिदम कसा येतो?

तो येतो, कारण आपण एका घाताचा विस्तार मध्येच तोडतो. कोनिशी ऑपरेटर म्हणजे सहा स्केलर क्षेत्रांच्या वर्गांच्या बेरजेचा ट्रेस. त्याची मूळ मिती, म्हणजे लांबीचे प्रमाण बदलल्यावर तो ज्या घाताने बदलतो तो आकडा, २, म्हणून फलन अंतराच्या उणे ४ घाताने उतरते. कप्लिंग चालू झाल्यावर मितीत गॅमाची भर पडते, आणि पहिल्या लूपला हा गॅमा 'ट हूफ्ट कप्लिंगची (गेज कप्लिंगचा वर्ग गुणिले रंगांची संख्या) तिप्पट भागिले चार गुणिले पायचा वर्ग इतका असतो. घात उणे ४ उणे दोन गॅमा झाला, की विस्ताराचे पुढचे पद उणे दोन गॅमा गुणिले लॉगॅरिदम असेच निघणार.

लॉगॅरिदम घ्यायचा तर अंतर कोणत्या एककात मोजायचे, ही आपली शंका रास्त आहे. मात्र बेळगाव-खानापूर आणि बेळगाव-निपाणी ही अंतरे किलोमीटरऐवजी मैलांत घेऊन पाहा: दोन्हींच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधून सुमारे ०.४८ हीच संख्या वजा होते, निपाणी कितीही लांब असो. असा स्थिरांक ऑपरेटरच्या प्रसामान्यीकरणात, म्हणजे त्याच्या पुढच्या स्थिर गुणकात, निमूट सामावतो.

खरी परीक्षा दुसऱ्या लूपला होते. तेथे लॉगॅरिदमच्या वर्गाचा सहगुणक हा पहिल्या लूपच्या सहगुणकाच्या वर्गाच्या नेमका निम्मा असायला हवा. क्वांटम क्रोमोडायनॅमिक्समध्ये, म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑनांच्या सिद्धांतात, कप्लिंग स्वतःच अंतरागणिक बदलते, त्यामुळे त्या पदात बीटा फंक्शनचा वाटा मिसळतो आणि हा निम्म्याचा हिशेब बिघडतो. मिती ४ च्या एका ऑपरेटरवर मी हे करत होतो तेव्हाही तो जुळेना, आणि मी आठवडाभर फाइनमन आकृत्यांची (हिशेबातली पदे दाखवणाऱ्या चित्रांची) चिन्हे तपासत बसलो. चिन्हे बरोबरच होती; समान मितीचे अनेक ऑपरेटर एकमेकांत मिसळत होते, आणि वेगवेगळ्या गॅमांच्या वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गापेक्षा मोठीच भरते. कोनिशीला मिती २ वर असा जोडीदार नाही, म्हणून सुरुवातीला तोच बरा.

त्याआधी त्याच स्केलर क्षेत्रांचा सममित, ट्रेसरहित संयोग घ्या. त्याची मिती सुपरसिमेट्रीमुळे २ च राहते, तेव्हा सगळ्या आकृत्या मिळवल्यावर लॉगॅरिदम उरता कामा नये. गेजच्या, म्हणजे तीच क्षेत्रे लिहिण्याच्या समतुल्य पद्धतींपैकी एकीच्या, निवडीवर अवलंबून असलेला एखादा तुकडा आपल्याकडून राहून गेला असेल, तर तो तेथेच सापडेल.