रिमोटची बोट पाण्यात सोडण्याआधी

प्रश्न : मला वेगाची आवड आहे. पहिलीच बोट स्पीडबोट घेतली तर चालेल का? (ठाणे)

आमचा सल्ला टगबोटीचा, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या मॉडेलचा. ५० ते ७० सेंटिमीटर लांबीची, रुंद पोटाची टगबोट माणसाच्या चालीने जाते आणि जोरात वळवली तरी सहसा उलटत नाही. बोट आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. हाताला त्याची सवय होईपर्यंत टगबोट सवड देते, स्पीडबोट तोवर काठाच्या दगडावर गेलेली असते. खेळण्यांच्या दुकानातली तयार बोट मात्र टाळा. तिचा सर्किट बोर्ड गेला की सुटा भाग सहसा मिळत नाही.

प्रश्न : टगबोटीचा रिकामा हल (बोटीचं पोकळ धड) हाती आला आहे. आत काय काय बसवायचं? (कोल्हापूर)

२.४ गिगाहर्ट्झचा दोन चॅनलचा ट्रान्समीटर आणि त्याच्याच जोडीचा रिसीव्हर, रडर म्हणजे सुकाणू वळवायला साधा सर्व्हो (छोटी मोटर), बोट चालवायला ५४० मापाची ब्रशवाली मोटर आणि तिला पुढे-मागे दोन्हीकडे चालवणारा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. विमानाचा ईएससी स्वस्तात मिळाला तरी नको. त्यात सहसा रिव्हर्स नसतो, आणि बोटीला ब्रेक म्हणजे रिव्हर्सच.

बॅटरीसाठी इमर्जन्सी लाइटमधली ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी बघा. ती साधारण पाऊण किलोची असते. टगच्या तळाशी वजन लागतंच, मग ते नुसत्या शिशाने कशाला भरायचं? ईएससीवर लायपो (लिथियम पॉलिमर) आणि निकेल अशा बॅटरीच्या प्रकारांतून निवड करणारा जंपर (छोटी पिन) असेल तर तो निकेलवर ठेवा, नाहीतर ६ व्होल्टला ‘बॅटरी संपली’ समजून तो मोटर बंद करेल. बॅटरी ५.२५ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका आणि घरी आल्यावर त्याच दिवशी चार्ज करा. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची घटते.

बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. प्रोपेलरमध्ये दोरा अडकून मोटर जाम झाली की ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

प्रश्न : दहा मिनिटांत बोटीत अर्धा कप पाणी साचतं. डेकच्या सगळ्या फटी बुजवल्या, तरी तेच. (नाशिक)

मग डेक सोडा आणि शाफ्टची, म्हणजे मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या दांड्याची, नळी बघा. तिचं बाहेरचं तोंड कायम पाण्याखाली असतं, आणि शाफ्ट फिरायला बुशमध्ये (नळीच्या टोकाला शाफ्टला आधार देणाऱ्या कडीत) थोडी मोकळीक ठेवावीच लागते. पाणी अडवतं ते आतलं ग्रीस. शाफ्ट बाहेर काढा, जुनं काळं ग्रीस पुसा आणि पाण्याने धुऊन न जाणारं मरीन ग्रीस नळीत ठासून भरा. पाच-सहा फेऱ्यांनंतर ते पुन्हा भरावं लागतं. नळीच्या मध्यावर पितळेची बारीक उभी नळी डाग देऊन जोडली, तर शाफ्ट न काढता सिरिंजने ग्रीस भरता येतं. हे काम हल बंद करण्याआधीच उरका. नळीचं आतलं टोकही शक्य तितकं वर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा.

ग्रीस भरूनही पाणी येत असेल तर बुश झिजलं आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसणं. मोटर चिकटवताना दोघांना सरळ, ताठ पितळी तुकड्याने जोडा, इपॉक्सी पूर्ण सुकू द्या आणि मगच तो तुकडा काढून युनिव्हर्सल जॉइंट (दोघांना जोडणारा लवचीक सांधा) बसवा.

रडरच्या दांड्याची नळीही तपासा. आत टिश्यू पेपरचे तुकडे पसरून बोट अर्धा तास टबमध्ये ठेवा. पहिला ओला होणारा तुकडा गळतीची जागा दाखवतो. ही चाचणी प्रोपेलर फिरवूनही करा, कारण काही गळत्या शाफ्ट फिरतानाच सुरू होतात.

प्रश्न : बोट एका बाजूला कलते. (पणजी)

टबमध्ये बॅटरी सरकवून बोट आधी सरळ करा, उरलेली कसर शिशाच्या तुकड्यांनी भरा. सगळं वजन तळाशी हवं, आणि घट्ट बांधलेलं. सैल बॅटरी वळणावर घसरली की बोट उलटते. शेवटी डेकची कडा बोटाने दाबून सुमारे ३० अंश कलवा आणि सोडा. बोट चटकन सरळ व्हायला हवी. पणजीत खाडीच्या पाण्यात चालवत असाल तर घरी आल्यावर बाहेरचे धातूचे भाग गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न : तळ्याच्या मधोमध बोट बंद पडली तर? (पुणे)

पाण्यात उतरू नका. जलपर्णी आणि गाळात पोहणाराही अडकतो. मासेमारीच्या दोरीला टेनिस बॉल बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि दोरी बोटीवरून हळू ओढा. मुळात वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावर उभं राहून बोट चालवा, म्हणजे बंद पडलेली बोट आपसूक तुमच्याकडे येते. डेकखाली पुढे-मागे थर्माकोलही भरा. ३ किलोच्या बोटीला ३ लिटर थर्माकोल असला की पाणी भरूनही ती तरंगत राहते.