ठाण्याहून वाशीला मार्गच नाही?

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ठाणे-वाशी रेल्वेमार्गाचा ग्राफ (म्हणजे स्थानके आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यांचे जाळे) मी पायथनच्या नेटवर्कएक्स या लायब्ररीत तयार केला असून स्थानकांच्या जोड्या मी आणि माझ्या मित्राने मिळून टाइप केल्या. आठही जोड्या ग्राफमध्ये आहेत, तरीही ठाण्याहून वाशीला मार्ग नसल्याची एरर येते. लायब्ररी बदलावी का? जोड्यांची यादी सोबत पाठवत आहे.

उत्तर : यादीतील पाचव्या ओळीत ‘घणसोली, कोपरखैरणे’ असे आहे आणि सहाव्या ओळीत ‘कोपर खैरणे, तुर्भे’. सहावी ओळ बहुधा आपल्या मित्राने टाइप केली असावी. आपल्या दृष्टीने स्थानक एकच. परंतु नेटवर्कएक्समध्ये एज (दोन स्थानकांमधला दुवा) जोडताना दिलेल्या नावाचा नोड (ग्राफमधला बिंदू, इथे स्थानक) नसेल, तर तो मुकाट्याने तयार केला जातो, त्यामुळे कोपरखैरणेचे दोन वेगळे नोड झाले आणि तिथेच रूळ तुटले. एज मोजल्या तर त्या आठच भरतात, म्हणून शंका आली नाही. नोड मोजले असते तर दिघा गाव धरून नऊऐवजी दहा निघाले असते. झटपट लिहिणाऱ्याला ही सवलत सोयीची वाटते हे खरे, पण माझ्या मते हा दोष वापरणाऱ्याइतकाच लायब्ररीच्या रचनेचाही आहे.

याच स्वभावाचा दुसरा फटका आपल्याला लवकरच बसेल. प्रत्येक एजला आपण ‘मिनिटे’ हे नाव देऊन प्रवासाचा वेळ नोंदवला आहे. डाइक्स्ट्राच्या पद्धतीने कमीत कमी वेळ काढताना चुकून ‘मिनिट’ लिहिलेत, तर एरर येणार नाही. ज्या एजवर ते नाव सापडत नाही तिचे वजन 1 धरले जाते आणि ठाणे ते वाशी आठ मिनिटांत, असे उत्तर मिळते. लोकलने रोज जाणारा माणूस त्यावर हसेल. मात्र एखाद्याच एजवर वेळ नोंदवायचा राहिला, तर येणारे उत्तर इतके पटण्याजोगे असते की ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

तेव्हा स्थानकांची नावे एका तपासलेल्या यादीतून आधी नोड म्हणून भरावीत, आणि एज जोडण्यासाठी स्वतःचे छोटे फंक्शन लिहावे, जे अनोळखी नाव किंवा वेळ नसलेली जोडी आली की तिथेच थांबेल. जावा या भाषेतील जेग्राफटी ही लायब्ररी नोड नसताना एज जोडूच देत नाही, पण एका रिकाम्या जागेपायी भाषा बदलण्याचे कारण मला दिसत नाही. आयग्राफ या दुसऱ्या लायब्ररीकडे वळलात, तर तिथे नोडची ओळख 0 पासूनच्या क्रमांकांनी असते : ठाणे 0, दिघा गाव 1, ऐरोली 2. दिघा गाव वगळले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि ऐरोली 1 होते, त्यामुळे आधी जपून ठेवलेला 2 हा क्रमांक त्यानंतर रबाळे दाखवतो. तिथेही स्थानकाला नाव द्यावे आणि शोध नावानेच घ्यावा.