शिफारशींच्या फलकाविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

ग्रंथालयात ‘या महिन्यात काय वाचावे, काय पाहावे’ असा फलक लावण्याचे काम तुझ्याकडे आले आहे आणि वयोगटांप्रमाणे यादी कशी करावी, असे तू विचारले आहेस. माझे म्हणणे असे, की सुरुवात वयापासून करू नकोस. देवघेवीला आलेल्या सभासदाला ‘अलीकडे कोणते पुस्तक हातातून सुटले नाही?’ एवढेच विचार आणि त्याच्या उत्तरावरून पुढचे नाव काढ. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे तू परीक्षेसाठी पाठ केली असशीलच. त्यांतले ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे सूत्र फलकाचे खरे काम सांगते, कारण नव्या पुस्तकांना मागणी आपोआप येते, जुनी चांगली पुस्तके मात्र कपाटातच राहतात.

वय काटेकोरपणे पाहायचे ते पुस्तकावरून चित्रपटाकडे जाताना. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा शाळकरी मुलगा आहे आणि नऊ-दहा वर्षांच्या वाचकाला तो बिनधास्त द्यावा. परंतु २०१७ च्या चित्रपटातला फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला तरुण आहे आणि कथाही एका संशयास्पद मृत्यूभोवती फिरते. नाव तेच आहे म्हणून दोन्ही बालविभागाच्या फलकावर लावलेस, तर पालक तुझ्याकडेच येतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

‘सिंहासन’च्या बाबतीत मी क्रम उलटा ठेवीन. जब्बार पटेलांचा १९७९ चा हा चित्रपट अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला असल्यामुळे, तो आधी पाहिलेल्या माणसाला कादंबऱ्यांतली राजकारण्यांची गर्दी ओळखीची वाटते. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मात्र एका वयोगटात कोंबू नकोस: नायक नववीतला असला, तरी काळ आणीबाणीचा आहे, आणि त्या काळात शाळेत असलेले आजचे आजोबाही ती आवडीने नेतील.

फलकावर प्रत्येक शिफारशीची जी छोटी चिठ्ठी लावशील, तिच्यावर ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ असले शब्द नकोत. ते प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलेलेच असतात. ‘बनगरवाडी’साठी मी असे लिहीन: ‘माणदेशातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर. बारीक पुस्तक, घाई नसलेली गोष्ट. नंतर अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट पाहावा.’ खाली स्वतःचे नाव घाल, म्हणजे वाचक भांडायला कोणाकडे यायचे ते जाणतो (आणि तो येतो, हे या कामातले सुख आहे). जे स्वतः वाचलेले किंवा पाहिलेले नाही, त्याची चिठ्ठी सहकाऱ्याला लिहू दे.

फलक लावण्याआधी त्यावरची पुस्तके प्रत्यक्ष कपाटात आहेत का, ते पाहून घे, आणि बाहेर गेलेल्या प्रतींसाठी मागणीची वही फलकाखालीच ठेव. पहिली यादी तयार झाली, की मला पाठव.

तुझा शुभचिंतक