फ्लेम स्कॅलॉप आणताय? थोडं थांबा

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी लावून दोनच महिने झालेत, आणि त्यात फ्लेम स्कॅलॉप आणायचाय ना? मग आत्ता नकोच. लालभडक, देखणा शिंपला आहे खरा, पण तो पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो, आणि आपल्या स्वच्छ टाकीत नेमकं तेच नसतं. तो पटकन मरत नाही. महिनोन् महिने उपाशी राहून मरतो. ठाण्यातल्या माझ्या पहिल्या टाकीतला चार महिने ‘मस्त’ होता, असं आपलं मला वाटायचं.

तरी आणायचाच असेल तर:

- टाकी वर्षभर मुरू द्या.
- जिवंत फायटोप्लँक्टन (म्हणजे तेच सूक्ष्म शेवाळ) रोज, थोडं थोडं, दोन-तीनदा घाला. आठवड्याला एकदम बाटली ओतलीत तर फक्त नायट्रेट वाढून पाणी बिघडतं. ते घालताना स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) तासभर बंद, पाणी फिरवणारा पंप मात्र चालू.
- हात लावूनही मिटत नसेल तर लगेच बाहेर काढा. कुजला की अमोनिया वाढून मासेही जातात.

वाशीच्या खाडीतून तिसऱ्या आणून ‘सराव’ करू नका, त्या कालवणातच बऱ्या. खाडीचं पाणीही नको. मे महिन्यासाठी चिलरचे (टाकीतलं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे) पैसे आधीच बाजूला काढा.

घरी फायटो वाढवणं, डोसिंग पंप (ठरलेली मात्रा आपोआप घालणारा) वगैरे नंतर बोलू. तोवर पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) महिनाभर 1.025 वर टिकवून दाखवा.