हॅमर मशीन घ्या, पण मार्चचा पॉलिसीचा हप्ता भरू नका

उदगीरहून एका इलेक्ट्रिक फिटिंगवाल्या दादांचं पत्र आलंय. वय 31, बायको, दोन लेकरं, महिन्याला 25-30 हजार सुटतात, आता सीसीटीव्ही आणि आरओ बसवायची कामंपण घेतात. ड्रिल 200 रुपये रोजानं भाड्यानं आणतात, महिन्यातनं बाराएक दिवस. प्रश्न एवढाच की अडीच हजारांचं साधं इम्पॅक्ट ड्रिल घ्यावं का 9 हजारांचं हॅमर मशीन सहा महिन्यांच्या ईएमआयवर, कारण कर्जाची भीती वाटते.

दादा, मशीनचं सोपंय. नुसत्या विटेच्या भिंतीला 6-8 एमएमचे होल मारून गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) बसवायची असेल तर इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. पण त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका बसतो, जोर सगळा तुमच्या खांद्याचा, त्यामुळं कॅमेरा कॉलमवर नाहीतर स्लॅबखाली लावायचा म्हणलं की बिट तापून लाल आणि होल अर्ध्या इंचावर अडकलेलं, जुन्या वाड्याचा काळा दगड तर विचारूच नका. हॅमर मशीनमध्ये हवेच्या दाबानं पिस्टन ठोके मारतो, तुम्ही फक्त सरळ धरायचं. साडेचार इंची भिंतीत मात्र पलीकडं निघायच्या आधी ठोका बंद करून नुसतं फिरवा, नाहीतर शेजारच्या खोलीतला गिलावा पडतो आणि मालक बिलातनं कापतो. भाडं महिन्याला 2,400, ईएमआय 1,500. घेऊन टाका. प्रोसेसिंग फी दोन-तीनशे लावतील, लावू द्या, तुमच्याकडच्या कर्जांत हेच सगळ्यात बरं कर्ज आहे.

कारण दुसरं कर्ज तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. मार्चात पॉलिसीचा तिसरा हप्ता 48 हजार भरायचाय, मागच्या हप्त्याला सावकाराकडनं 40 हजार शेकडा 3 नं काढले त्याचं व्याज चालूच आहे, पॉलिसी साडूनं दिली, 15 वर्षं भरा, 20 व्या वर्षी डबल.

अहो, शेकडा 3 म्हणजे महिन्याला 1,200, वर्षाला 14,400, दीड हॅमर मशीन नुसत्या व्याजात गेलं! आणि ते डबल? पहिला हप्ता तिथं 20 वर्षं राहणार, शेवटचा 6, म्हणजे सरासरी 13 वर्षं. डबल व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजदर निघतो, 72 भागिले 13, साडेपाच टक्के. म्हणजे 36 टक्क्यांनी आणून साडेपाच टक्क्यांनी लावताय. पोस्टातलं पीपीएफ 7.1 देतं, साडूला चहा न पाजता. बरं विमा तरी किती, तर 4 लाख 80 हजार. रोज शिडीवर चढून डोक्यावर मशीन धरणारा माणूस तुम्ही, काही झालं तर घर वीस महिने चालेल, तेपण सावकारानं आधी त्याचे काढून घेतले नाहीत तर.

आता क्रम नीट धरा. आधी 50 लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, माणूस गेला तरच पैसे, वर्षाला सात-आठ हजार लागतील. तंबाखू खात असाल तर जास्त लागतात पण फॉर्मवर खरंच लिहा, लपवलं की क्लेम अडकतो. उत्पन्नाच्या पुराव्याला इन्कम टॅक्स रिटर्न मागतात, भरत नसाल तर यंदा भरा. तोवर बँकेत जाऊन वर्षाला 436 आणि 20 रुपयांच्या दोन्ही सरकारी विमा योजना, जीवन ज्योती आणि सुरक्षा, चालू करा, पहिलीत माणूस गेला तर 2 लाख, दुसरीत अपघाती मृत्यूला 2 लाख. टर्म हातात आला की तिसरा हप्ता भरायचा नाही, तारखेनंतर 30 दिवस सवलत असते, तेवढ्यात होतं.

मग शाखेत लेखी अर्ज द्या, सरेंडर केली (बंद करून पैसे घेतले) तर किती आणि पेड-अप ठेवली (पुढं न भरता तशीच ठेवली) तर किती. 96 हजार भरलेत, जुन्या नियमात 29 हजारांच्या आसपास सुटतील, 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या नियमातली असेल तर जास्त. बोचेल, पण मी सरेंडरच करेन.

सावकाराला सरेंडरच्या पैशाची वाट बघायला लावू नका, घरातला एखादा दागिना बँकेत ठेवून 40 हजार काढा आणि त्याचे उद्याच मिटवा, व्याज 1,200 वरून साडेतीनशेच्या आसपास येतं. तिथं वाचलेले साडेआठशे, भाड्यातले 900 आणि हप्त्याला बाजूला टाकायचे ते 4,000, सात महिन्यांत दागिना घरी.

साडू फुगेल, फुगू द्या, त्याचं पहिल्या वर्षाचं कमिशन कधीच खात्यात आलंय.

आणि मशीनबरोबर कार्बाइड टोकाची 6, 8 आणि 10 ची बिटं, एक गॉगल घ्या, जीएसटीचं पक्कं बिल मागून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.